गुरुवारच्या ओळीतले नऊ घडे

गुरुवार, ८ मार्च २००१

ही वही हाजेरनं दिली. हाजेर म्हणजे माझ्या धाकट्या भावाची मुलगी, तोझरला तंत्रशाळेत संगणक शिकवते. म्हणाली, "काका, तुम्ही दिवसभर काय करता ते रोज लिहा. मला पाण्याचं काम समजून घ्यायचंय." मी चौथीपर्यंत शिकलोय. लिहिता येतं, हौस नाही. पोरगी मागे लागली म्हणून लिहितो.

काम काय? आमच्या ऐन रम्मान गावचा झरा. झऱ्याचा पाट, पाटाला बागांची दारं. मी पाटकरी. माझ्याकडे तांब्याचा घडा आहे, बुडाला भोक. भरून टांगायचा. तो गळेस्तोवर बागेचं दार उघडं, गळून रिकामा झाला की एक घडा पाणी झालं. पुन्हा भरायचा. दर घड्याला खजुराच्या पातीला एक गाठ. पाळी संपली की गाठी मोजून वहीत नाव लिहायचं. एका दिवसाची एक ओळ. ज्याचे सहा घडे त्याचं नाव त्या ओळीत सहा वेळा.

आकडा लिहायचा नाही. हे मला आधीच्या पाटकऱ्यानं शिकवलं, त्याला त्याच्या आधीच्यानं. एकाचे सात करायला पेनाचा एक फटकारा पुरतो. नावाला जागा लागते. ती चोरता येत नाही.

झालं. यात समजून घेण्यासारखं काय आहे मला कळत नाही.

आज गुरुवार. आधी माझी पाळी, हक्काचे आठ घडे. माझ्यामागे मब्रूका, बशीरची विधवा, तिचे सहा. पाचव्या घड्याला वाटलं भोक गाळानं बुजलंय, घडा हळू गळतोय. म्हणजे माझ्या बागेत हक्कापेक्षा जास्त पाणी गेलं. म्हणून पाचावरच माझं दार बंद केलं, भोक साफ केलं, तिचं दार उघडलं. तिला नऊ झाले. लिहिलं ते जे झालं तेच. सासी पाच वेळा, मब्रूका नऊ वेळा. मी खोटं लिहीत नाही.

जेवायला ईदचं वाळवलेलं मटण. नंतर खजूर. मब्रूकाच्या टोपल्या अजून खोलीत पडल्यात. दर नोव्हेंबरला तीन टोपल्या पाठवते. कितीदा सांगितलं, बाई, मला दात राहिले तेही तीनच. ऐकत नाही.


रविवार, ११ मार्च

हाजेर आली. वहीतला कामाचा भाग वाचून दाखवला. ती म्हणाली वही द्या. दिली नाही. बाकीचं माझं आहे.

पाणी-संघाचा बेत तिनं पुन्हा समजावून सांगितला. लझर संघाचा अध्यक्ष, चाळिशीचा आहे, प्रामाणिक आहे, पण कागद दिसला की त्याला बरं वाटतं. जूनपासून पाट बंद. सिमेंटचे पाईप आणि चाक फिरवायचे नळ. घडा गेला. कुणाला किती पाणी ते एकदाच ठरवायचं, कायमचं. हक्काचे कागद निम्म्या लोकांकडे नाहीत, बकऱ्यांनी खाल्ले नाहीतर भावांनी. म्हणून लझरनं काढलं, की माझ्या गेल्या पाच वर्षांच्या वह्या घ्यायच्या. ज्याला जितकं पाणी मिळत आलं तितकं त्याचं.

थंडीभर संघातल्या दोन पोरींनी त्या वह्या संगणकात उतरवल्या. वहीतल्या दिवसाची एक ओळ, तीच तिथं एक ओळ. अठराशे सत्तावीस ओळी. हाजेरनं पर्ल नावाच्या भाषेत दहा-बारा ओळींचं काहीतरी लिहिलंय. ते सगळं वाचतं आणि कुणाचं नाव किती आलं ते मोजतं.

"किती वेळात?" मी विचारलं.

"तुम्ही चहात साखर ढवळाल तेवढ्यात."

"मला लिहायला पाच वर्षं लागली."

"म्हणूनच तर मोजायला सोपं गेलं काका."

गोड बोलते. बापावर गेली नाही.


मंगळवार, १३ मार्च

संघाच्या दारावर कागद लागला. मला वरून तिसरा आकडा वाचल्यावरच शंका आली. हाज तिजानी, अठराशे सत्तावीस. मी, दोनशे एकसष्ट. मब्रूका, दोनशे एकसष्ट. गुरुवारवाले, शुक्रवारवाले, सगळे दोनशे एकसष्ट.

तिजानीचं असं आहे की तो तीस वर्षं तुकडे गोळा करतोय. कुणी फ्रान्सला गेला, कुणी राजधानीला, की त्याचा एक घडा तिजानी घेतो. आता त्याचा सोमवारी एक, मंगळवारी एक, असा रोज एक आहे. आठवड्याचे सात. मब्रूकाचे आठवड्याचे सहा, पण एका दमात, गुरुवारी. आता कागद म्हणतो तिजानी तिच्या सातपट.

तिजानी कागदासमोरच उभा होता, हात मागे बांधून, जसा काही स्वतःच्या नातवाचा निकाल बघतोय.

"बघ सासी, यंत्राला कुणाचं तोंड बघून बोलता येत नाही."

"यंत्राला घडाही उचलता येत नाही. तुझ्यासारखंच."

"चिडतोस कशाला? तुझीच वही आहे. तूच लिहिलंस."

लझरला म्हटलं, हे चूक आहे. तो म्हणाला, "काका, मी नाही मोजलं, यंत्रानं मोजलं. चूक असेल तर दाखवा. एक एप्रिलला सभा आहे, त्या दिवशी ठरलं की ठरलं." चूक कुठं आहे ते मला सांगता येईना. मला फक्त उत्तर चूक आहे एवढं माहीत. शाळेतही माझं असंच व्हायचं.


बुधवार, १४ मार्च

मब्रूका बांधावर भेटली. तिला वाचता येत नाही.

"सासी, माझे किती आले रे कागदावर?"

"दोनशे एकसष्ट."

"आणि तिजानीचे?"

"अठराशे."

ती गवत कापत होती. विळा खाली ठेवला. "म्हणजे मला त्याचा सातवा हिस्सा. माझी बावीस झाडं आहेत. त्यातली कुठली मरू द्यायची ते तूच सांग, हिशेब तुला येतो."

"एकही मरणार नाही."

"कशावरून?"

"मी सांगतो म्हणून."

"तू सांगतोस! एकदा सांगितलं होतंस, दोन घड्यांत भागेल म्हणून."

मी निघालो. बायकांना जुनं उकरायची सवय असते.

ती गोष्ट १९५७ ची. मी तिच्या बापाकडे मागणी घालायला गेलो होतो. सोबत तिजानीला नेलं होतं, तेव्हा तो हज करून हाज झालेला नव्हता, नुसता वात्रट होता. बापानं चहा दिला आणि एकच विचारलं, "घडे किती तुझ्याकडे?" मी म्हणालो, दोन. तो म्हणाला, "पुरत नाहीत." बशीरकडे सहा होते, तिला बशीरला दिलं. बापाचं चुकलं नाही. पुढे माझं सालहाशी झालं, चुलत्याची बाग आली, माझे आठ झाले. सालहा चांगली होती. तिला जाऊन सहा वर्षं झाली. बशीर तिच्या आधीच गेला. तो गेल्यावर मब्रूकानं मागच्या टोकाला सात नवी झाडं लावली. सहा घड्यांत पंधरा झाडं भिजतात, बावीस नाही, हे लावतानाच कुणीतरी सांगायला हवं होतं.

हे सगळं कशाला लिहिलं माहीत नाही. पान भरलं.


गुरुवार, १५ मार्च

भोक पुन्हा बुजलं. माझे पाच, मब्रूकाचे नऊ.


रविवार, १८ मार्च

चूक सापडली.

हाजेर आली तशी तिला बसवलं आणि म्हटलं, "तुझं यंत्र कसं मोजतं ते मला बैलाला सांगतात तसं सांग."

ती म्हणाली, "काका, ते फाइलमधली एक ओळ वाचतं. विचारतं, हिच्यात मब्रूका आहे का? असली तर एकानं वाढवतं. मग पुढची ओळ."

"आणि त्याच ओळीत मब्रूका परत आली तर?"

मी खजुराच्या बिया आणल्या, घरात त्याच भरपूर आहेत. गुरुवारची ओळ जमिनीवर मांडली. माझ्या पाच, मब्रूकाच्या नऊ. खाली शुक्रवारची ओळ मांडली. म्हटलं, "आता तू यंत्र हो. मब्रूका मोज."

तिनं तिच्या पहिल्या बीवर बोट ठेवलं. "आहे. एक." आणि बोट खालच्या ओळीवर गेलं.

"आणि या आठ कुणाच्या बापाच्या?"

तिनं कपाळाला हात लावला. मग हसायला लागली, इतकी की खोकला आला. "काका, मला वाटलं ओळीत नाव एकदाच असणार. म्हणून मी फक्त आहे की नाही एवढंच विचारत होते. सगळं जग आकडा लिहितं हो!"

"सगळ्या जगात चोर आहेत."

"पोरींनी उतरवून दिलं, मी ओळीही डोळ्यांनी नीट बघितल्या नाहीत. वर्गात पोरांना रोज ओरडते, आधी माल बघा मग मोजा."

तेवढं तिनं कबूल केलं म्हणून पुढे बोललो नाही. आम्ही संघाच्या खोलीत गेलो. तिनं मला दाखवलं काय बदलते ते. 'जर सापडलं तर' असं जिथं होतं, तिथं 'जोवर सापडतंय तोवर' असं केलं, आणि नावाच्या शेवटी एक अक्षर ठोकलं. आता यंत्र एक नाव सापडलं की तिथं बोट ठेवतं आणि त्याच ओळीत पुढे बघतं. ओळ संपली की मगच खाली उतरतं. दोन शब्दांचं काम. एवढ्यासाठी मब्रूकाची झाडं मरायची होती.

हाजेर म्हणाली, "आकडे आलेत. लझरला द्यायच्या आधी तुम्ही बघता का?"

"मी कशाला बघू? खरं ते खरं. लाव दारावर."

घरी येताना बरं वाटत होतं. दुकानातून ताजी हरिसा, लाल मिरचीची चटणी, घेतली.


मंगळवार, २० मार्च

नवा कागद. तिजानी अठराशे सत्तावीस, तितकाच राहिला. मब्रूका दोन हजार तीनशे पंचवीस.

सकाळी सगळे मला चहा पाजत होते. म्हातारा यंत्राला भारी पडला म्हणे. दुपारी तिजानी बशीरच्या वाटणीचा कागद घेऊन आला. बशीरची बाग त्याच्या शेजारची, वाटणीला साक्षीदार तोच होता. कागदावर सहा घडे. त्यानं सगळ्यांसमोर पेन काढून गुणाकार केला. दोनशे एकसष्ट गुरुवार, सहा घडे, पंधराशे सहासष्ट.

"सातशे एकोणसाठ घडे वर," तो म्हणाला. "सासी, पाणी कुठंतरी मुरतंय."

"भोक बुजतं," मी म्हटलं. "घडा हळू गळतो. यंत्राला भोक माहीत नाही."

"गुरुवारीच बुजतं?"

"गाळाला वार विचार."

"आणि तुझ्याच पाळीला?"

लोक हसले. मला राग आला. चोवीस वर्षं मी घडा टांगतोय, एका घड्याचा आळ आला नाही. मी म्हणालो, मी कुणाचं पाणी चोरलं ते दाखव. तिजानी म्हणाला, "कुणाचं ते मला काय माहीत? तुझ्या माझ्या सगळ्यांचंच असेल. पाणी आभाळातून पडलं नाही ना?"

लझरनं मला बाजूला घेतलं. "काका, सभेत याचा खुलासा द्यावा लागेल. पाणी इतरांच्या वाट्यातून गेलं असेल तर तिच्या हिश्शातून कापून परत करावं लागेल. आणि घडा..."

"घडा काय?"

"घडा तुमच्याकडे ठेवता येणार नाही."

"मग घे आत्ता."

"काका, चिडू नका हो."

चिडू नको तर काय करू. चूक मीच शोधून दिली.


गुरुवार, २२ मार्च

तिजानी घरून खुर्ची घेऊन आला आणि घड्याशेजारी बसला. आज भोक बुजलं नाही. मोजून माझे आठ, मोजून मब्रूकाचे सहा.

माझ्या बागेत पाणी डाळिंबाच्या बुडाशी तुंबलं. तिच्याकडे पंधराव्या झाडाशी थांबलं. मागची सात कोरडी. मी ते बघायला गेलो नव्हतो, कुदळ तिकडे राहिली होती.

सहावा घडा झाला, मी तिचं दार बंद केलं तेव्हा ती तिथंच उभी होती. तिजानीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "सहा झाले." ती म्हणाली, "कळलं मला." तिच्या हातात खजुराची पात होती, ती तिनं ओढणीत खोचली आणि गेली.


रविवार, २५ मार्च

हाजेर आली, नेहमीसारखी बडबडली नाही. चहा ठेवला. तिनं पिशवीतून कागद काढला.

"काका, एकाचे सातशे एकोणसाठ जास्त झाले तर कुणाचे तरी कमी झालेच असणार. झरा तेवढाच आहे. म्हणून मी सगळ्यांची नावं मोजली आणि हक्काशी ताडली. सगळ्यांचे बरोबर आहेत. कुणाचा एक घडासुद्धा इकडचा तिकडे नाही."

"मग? मी सांगत होतोच."

"एकाचे कमी आहेत."

"कुणाचे?"

"तुमचे. सातशे एकोणसाठ."

मी म्हटलं, बरोबर आहे, भोक बुजतं, माझे पाच म्हणजे आठासारखेच असतात.

"हो, ते मी ऐकलं. पण आठ गुरुवार असे आहेत की तुमचे आठ आणि तिचे सहा. अठ्ठ्याण्णव सालचे, ओळीनं आठ. तेव्हा काय झालं होतं?"

तेव्हा माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. घडा लझरच्या भावानं सांभाळला होता.

"त्याच्या हातात भोक कधीच बुजलं नाही?"

"तो घडा घासत असेल नीट."

"तोच घडा. तोच गाळ." तिनं कागदावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "काका, बिया आणू का?"

"चहा पी. गार होतोय."

प्यायली. मी तिला म्हटलं, हा कागद दारावर लावायचा नाही. ती म्हणाली, "तुम्हीच म्हणाला होता, खरं ते खरं."

"ते मब्रूकाचं म्हणालो होतो."

"हे पण तिचंच आहे." मग तिनं कागद घडी घालून माझ्यासमोर ठेवला. "मी लझरला काही सांगितलेलं नाही. कागद तुमचा. चुलीत घाला नाहीतर सभेत न्या."

जाताना तिनं माझ्या डोक्याचं चुंबन घेतलं, तिच्या बापाच्या मयतानंतर पहिल्यांदा. तिला नेमकं काय वाटलंय कुणास ठाऊक. आजकालच्या पोरी प्रत्येक गोष्टीत काहीतरी बघतात.


बुधवार, २८ मार्च

विचार केला. सभेत सांगायचं, चूक झाली, भोक बुजत होतं. कागद दाखवायचा म्हणजे चोरीचा आळ जाईल. चूक म्हटली की जुन्या हक्कानं जाईल, मला आठ, तिला सहा. सोपं. तिची मागची सात झाडं जातील. झाडंच आहेत.

आज तिकडून येत होतो. त्या सातांतल्या एकाला पहिलाच फुलोरा आलाय. फळ धरावं म्हणून त्यात नर फुलोरा बांधायला तिनं अजून माणूस बोलावलेला नव्हता. झाड बुटकं आहे, शिडी भिंतीशीच होती, मी चढून बांधून टाकला. उशीर झाला असता तर वाया गेला असता. कुणाचा का असेना, खजूर वाया जाऊ नये.


रविवार, १ एप्रिल

सभा संघाच्या अंगणात. बाग असलेले सगळे आले. बायका भिंतीकडेच्या सतरंजीवर, मब्रूका त्यांच्यात. तिजानी पुढे, खुर्ची घरचीच.

तिजानीनं सुरुवात केली. सातशे एकोणसाठ घडे, चोवीस वर्षांचा भरवसा, विश्वासघात, बरंच बोलला. मशिदीत बोलला असता तर बरं झालं असतं, निदान सावली होती. त्याचं झाल्यावर मी उठलो आणि कागद लझरपुढे ठेवला.

लझरनं मनात वाचला. परत वाचला. मग मोठ्यानं वाचला. सगळ्यांचे पुरे. सासीचे कमी, सातशे एकोणसाठ.

मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे स्वतःचंच चोरलं म्हाताऱ्यानं!" आणि अंगणभर हशा.

लझर हसला नाही. त्याला ठरावाचं पडलं होतं. "काका, एक विचारतो, नीट ऐकून सांगा. हे चुकून झालं असेल तर चुकीनं कुणाचा हक्क बनत नाही, जुन्या कागदाप्रमाणे जाऊ. तुम्हाला आठ, त्यांना सहा. पण तुमचं पाणी तुम्ही जाणूनबुजून दिलं असेल, तर दिलेलं ते दिलं. त्यांचे नऊ, तुमचे पाच. कायमचे. नंतर तुमच्या मुलांनाही परत मागता येणार नाही. काय लिहू?"

"मला मुलं नाहीत."

"ते ठीक आहे काका. काय लिहू?"

तिजानी म्हणाला, "अरे सांग ना, भोक बुजलं! रोज सांगतोस, आज काय झालं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. ऊन डोक्यावर आलं होतं. तासभर झाला होता आणि कुणी चहासुद्धा दिला नव्हता. ही सभा संपवायची म्हणजे काहीतरी म्हणायलाच हवं होतं.

"जाणूनबुजून," मी म्हणालो.

लझरनं लिहिलं. त्याचं पेन करकरतं, तेवढंच ऐकू येत होतं.

तेव्हा मब्रूका उठली. "लझर, अजून एक लिही. मी दर गुरुवारी मोजत होते." तिनं ओढणीतून पातींचा जुडगा काढून त्याच्या टेबलावर टाकला. सगळ्या पाती गाठींच्या. "घरी पेटीभर आहेत. प्रत्येकीला नऊ. डोळ्याचं झालं तेव्हा सहा, आणि त्या गुरुवारी सहा, हा तिजानी खुर्ची टाकून बसला होता ना, तेव्हा. तुमचं यंत्र आत्ता आलंय, मला पाच वर्षांपासून माहीत आहे."

लझर म्हणाला, "मावशी, मग बोलला का नाहीत?"

"बोलायचं कशाला? तीन घडे जास्त येत होते, तीन टोपल्या परत जात होत्या. दरवर्षी. मी कुणाचं फुकट घेत नाही." मग माझ्याकडे बोट केलं. "हा माणूस सगळ्या गावाचं पाणी मोजतो. दारात आलेल्या टोपल्या मोजता येत नाहीत."

परत हशा. हाजेर भिंतीला टेकून उभी होती, तीही हसत होती, डोळे पुसत. मला तिजानीची भीती होती, तो आता काहीतरी झोंबणारं बोलणार. पण १९५७ साली त्या चहाला तोच माझ्या शेजारी बसला होता. त्यानं खुर्ची उचलली आणि जाता जाता एवढंच म्हणाला, "च्यायला, सासी."

घडा माझ्याकडेच राहिला, जूनपर्यंत.

चुकून की जाणूनबुजून, यावर मी जास्त विचार करत नाही. सभा संपली.


गुरुवार, ५ एप्रिल

सकाळी माझी पाळी. पाच घडे, आता हक्कानंच पाच. चौथा चालू असताना मब्रूका आली आणि पाटाच्या कडेला दगडावर बसली. इतकी वर्षं तिच्या दारापाशीच उभी राहायची, आज इकडे बसली. सोबत थर्मास आणि दोन पेले आणले होते. हातात पात होती, पण ती गाठी मारत नव्हती.

चहा दिला. साखर जास्त होती, तरी सगळा प्यालो.

पाचवा घडा गळत होता. ती पाण्याकडे बघत म्हणाली, "सासी, घडे किती रे आता तुझ्याकडे?"

"पाच."

घडा रिकामा झाला. ती म्हणाली, "पुरेत."

मी माझं दार बंद केलं, तिचं उघडलं. तिच्या नऊ घड्यांचं पाणी मागच्या सात झाडांपर्यंत गेलं, ते आम्ही दोघं चालत जाऊन बघितलं. मग वहीत ओळ लिहिली. सासी सासी सासी सासी सासी, मब्रूका मब्रूका मब्रूका मब्रूका मब्रूका मब्रूका मब्रूका मब्रूका मब्रूका.

शेवटी घडा उतरवला आणि उन्हाकडे धरून आतून बघितलं. भोक साफ होतं.